तिसरीपर्यंतचे वाचन

मुलांना शाळेत कसे आणायचे, हा आजच्या प्राथमिक शिक्षणापुढचा मुख्य प्रश्न राहिलेला नाही. शाळेत आलेले मूल तिथे काय शिकते, हा आहे. ग्रामीण भारतात 6 ते 14 या वयोगटातल्या 95 टक्क्यांहून अधिक मुलांची नावे जवळपास दोन दशके शाळेच्या पटावर आहेत. 2024 च्या ‘असर’ या घरोघरी होणाऱ्या शैक्षणिक पाहणीत हे प्रमाण 98.1 टक्के होते. त्याच पाहणीत पाचवीतल्या मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला, तेव्हा 48.8 टक्के मुलांनाच तो वाचता आला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित 30.7 टक्के मुलांना जमले. पाच वर्षे शाळेत गेलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या हातातले पाचवीचे पुस्तक त्यांच्यासाठी बंदच असते, असा याचा अर्थ आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, कौशल्ये, संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरच्या साऱ्या चर्चा या वस्तुस्थितीनंतर येतात.

शाळेची दारे सर्वांना उघडण्यासाठीच शंभराहून अधिक वर्षे लागली. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती, आणि चांगले शिक्षक व त्यांना चांगले वेतन यांचाही आग्रह धरला होता. शेतकऱ्यांच्या करातून गोळा होणारा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी मात्र 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून दाखवला. स्वतंत्र भारतात हा हक्क मूलभूत व्हायला 2002 ची 86 वी घटनादुरुस्ती लागली, आणि बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवीची शाळा, तीन किलोमीटरच्या आत सहावी ते आठवीची शाळा, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, तीस मुलांमागे एक शिक्षक, असे या कायद्याचे निकष आहेत. ते आवश्यकच होते. पण त्यांतले बहुतेक मोजमाप इमारतीचे, अंतराचे आणि संख्येचे आहे. मूल वाचू लागले का, हे त्या फूटपट्टीवर दिसत नाही.

ते दिसू लागले 2005 पासून. ‘प्रथम’ या संस्थेने सुरू केलेल्या ‘असर’ पाहणीची रीत साधी आहे. स्वयंसेवक शाळेत न जाता घरी जातात, म्हणजे त्या दिवशी गैरहजर असलेले किंवा शाळा सोडलेले मूलही सुटत नाही. मुलापुढे एक कागद ठेवला जातो. त्यावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल जिथवर वाचते, ती त्याची पातळी. करोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि दुसरीची गोष्ट वाचू शकणाऱ्या पाचवीतल्या मुलांचे प्रमाण 2018 मधल्या 50.5 टक्क्यांवरून 2022 मध्ये 42.8 टक्क्यांवर आले. 2024 मध्ये ते बरेचसे भरून निघाले. घसरण भरून निघाली हे दिलासा देणारे आहे, पण जिथे परतलो ती जागाही समाधानाची नव्हती, हे विसरता येत नाही.

एवढी मुले वाचनात का अडतात, हे समजण्यासाठी मराठी वाचायला शिकणे म्हणजे नेमके काय, ते पाहावे लागते. मोठ्यांना ते सोपे वाटते, कारण देवनागरीत जसे बोलावे तसे लिहितात, असा समज आहे. बऱ्याच अंशी तो खराही आहे. तरी सहा वर्षांच्या मुलापुढचा डोंगर मोठा असतो. चौतीस व्यंजने आणि बाराखडीचे बारा प्रकार यांचा गुणाकार चारशेच्या पुढे जातो. त्यात जोडाक्षरांची भर पडते. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण ऐकू येतो त्याच्या आधी. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत अक्षर एकच, उच्चार मात्र दोन. हे सगळे मूल आपोआप उचलेल असे धरून चालले, तर घरात पुस्तक असलेली मुले पुढे जातात आणि बाकीची मागे राहतात.

जुन्या पद्धतीत आधी सारी मूळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द आणि शेवटी वाक्ये असा क्रम असे. या क्रमात पहिले अनेक महिने मुलाच्या वाट्याला ‘गवत’, ‘कमळ’, ‘मगर’ असे काना-मात्रा नसलेले शब्द येत. त्याच्या रोजच्या जगातले पाणी, भाकरी, शेळी, आजी हे शब्द फार उशिरा येत. वाचण्यातून काही कळते, ही गोष्टच त्याला उशिरा कळे. या क्रमाला पर्याय आहे आणि तो महाराष्ट्रातच अनेक ठिकाणी वापरून झाला आहे. मोजकी अक्षरे आणि एक स्वरचिन्ह एकाच वेळी शिकवायचे. क, म, ल आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, लाल, माल, कमाल असे कितीतरी अर्थपूर्ण शब्द तयार होतात आणि मूल पहिल्याच आठवड्यापासून खरोखर वाचू लागते. शब्दातले आवाज सुटे करून ऐकणे, गोष्टी ऐकणे, त्यांवर बोलणे आणि स्वतःच्या मनाने लिहून पाहणे याच्या जोडीला हवे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने 1980 च्या दशकापासून आणि पालघर जिल्ह्यात सोनाळे येथे काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ने 2007 पासून लहान मुलांच्या वाचन-लेखनावर चिकाटीने काम केले आहे. अशा कामातून एक गोष्ट ठळक होते: गरीब घरातल्या, पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या पिढीतल्या मुलांना वाचन शिकवता येते. अडचण मुलांच्या कुवतीची नाही.

वाचनाच्या वेगाचाही इथे मोठा वाटा आहे. एकेक अक्षर जुळवत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा शब्द विसरते, कारण माणसाची तात्पुरती स्मृती फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकते. अक्षरे ओळखण्यातच सारे लक्ष खर्च झाले तर अर्थासाठी काही उरत नाही. म्हणून तिसरीची सीमा महत्त्वाची आहे. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. चौथीपासून वाचून शिकावे लागते. इतिहास, परिसर, शाब्दिक गणिते, सगळे वाचनावर उभे असते. तिसरी ओलांडताना ज्याला ओघाने वाचता येत नाही, ते मूल पुढच्या प्रत्येक इयत्तेत बसते, पण वर्गात जे चालले आहे त्याच्या बाहेर राहते.

आणि वर्ग त्याच्यासाठी थांबत नाही. पाठ्यपुस्तक संपवायचे, घटक चाचणी घ्यायची, नोंदी भरायच्या, या वेळापत्रकात मागे पडलेल्या मुलाकडे परत जायला जागाच नसते. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला मुंबई आणि बडोदा येथे ‘प्रथम’बरोबर केलेला अभ्यास याच मुद्द्यावर होता. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोनेक तास वेगळे बसवून वाचन आणि सोपे गणित शिकवत. ज्या शाळांत बालसखी होत्या, तिथल्या मुलांची प्रगती इतर शाळांपेक्षा स्पष्टपणे चांगली ठरली. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या संशोधनात शिक्षणावरच्या अशा प्रयोगांना मोठे स्थान होते. पुढे हरियाणात सरकारी शिक्षकांनीच दिवसातला एक तास राखून ठेवला आणि त्या तासाला मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता वाचनाच्या पातळीप्रमाणे केले. तिथेही भाषेत फायदा दिसला. पुस्तकाचा वेग बाजूला ठेवून मूल आज जिथे आहे तिथून सुरुवात करायची, इतकीच ही कल्पना आहे. ती स्वस्त आहे, तपासलेली आहे आणि कोणत्याही गावात करता येण्यासारखी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाला तातडीची गरज म्हटले. 5 जुलै 2021 रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस हे कौशल्य यावे, असे लक्ष्य ठरले. धोरणाच्या पातळीवर प्रश्नाला प्रथमच योग्य नाव मिळाले, हे मान्य करायला हवे. 2024 च्या ‘असर’मध्ये सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण 2022 मधल्या 16.3 टक्क्यांवरून 23.4 टक्क्यांवर गेले, ही चढण अलीकडच्या काळातली लक्षणीय आहे. मात्र चारपैकी तीन मुले अजूनही त्या पातळीला पोहोचलेली नाहीत.

गणितातला पायाही भाषेशी बांधलेला आहे आणि मराठीत तर विशेषच. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. लिहिताना आधी 2, मग 5. ‘एकोणतीस’मध्ये तिसातून एक वजा करावा लागतो. ‘एकोणनव्वद’पर्यंत हा नियम चालतो आणि ‘नव्व्याण्णव’ला मोडतो. शंभरपर्यंतची बहुतेक नावे मुलाला सुटी सुटी पाठ करावी लागतात. शेजारच्या कन्नड आणि तेलुगूत दशक आधी, एकक नंतर, असा सरळ क्रम आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांच्या जोडीला ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा मोठा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत गेला. मराठी भाषा बिघडवली जात आहे, हा आक्षेप होता. गणित अभ्यास मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ही सोय मुलांना संख्येचा अर्थ समजावा म्हणून आहे, हे पुन्हा पुन्हा सांगितले. पारंपरिक नावे काढून टाकलेली नव्हती. त्यामुळे हा वाद खरे तर मुलांच्या अडचणीवर व्हायला हवा होता. तो भाषेच्या अस्मितेवर झाला आणि शिकणाऱ्या मुलाची बाजू बाजूलाच राहिली.

माध्यमाच्या प्रश्नातही असेच होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि 2020 च्या धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची किंवा प्रादेशिक भाषा हे माध्यम असावे, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावापर्यंत आणि आता मोठ्या खेड्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. आपले मूल इंग्रजीवाचून मागे राहू नये, ही आईवडिलांची इच्छा पूर्णपणे रास्त आहे. चूक आहे ती त्या इच्छेला मिळणाऱ्या उत्तरात. घरी इंग्रजी नाही, शिक्षकाचे इंग्रजी कच्चे, आणि पहिलीपासून सारे विषय इंग्रजीत, अशा वर्गात मूल ना इंग्रजी शिकते ना विषय. फळ्यावरचे उतरवून घेते आणि उत्तरे पाठ करते. 1970 मध्ये नायजेरियातल्या इफे येथे सुरू झालेल्या प्रयोगात मुलांना सहा वर्षे योरुबा या त्यांच्या भाषेत शिकवले आणि इंग्रजी हा विषय म्हणून चांगल्या शिक्षकांकडून शिकवला. इंग्रजी माध्यमातल्या मुलांपेक्षा ही मुले इंग्रजीतही मागे पडली नाहीत. एका भाषेत घट्ट झालेले वाचन दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते. मराठी शाळेत उत्तम इंग्रजी शिकवणे, हे आईवडिलांच्या इच्छेला खरे उत्तर आहे, आणि ते देण्यात मराठी शाळा फार काळ कमी पडल्या.

2025 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा निर्णय जाहीर केला, जूनमध्ये त्यात बदल केला आणि तीव्र विरोधानंतर 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. नंतर या प्रश्नावर नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या वादात भाषांच्या राजकारणाबद्दल पुष्कळ बोलले गेले. एकही लिपी ज्याला अजून वाचता येत नाही, त्या सहा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी तीन भाषा पेलतील का, हा शिक्षणाचा प्रश्न त्यामानाने थोड्यांनी विचारला.

मराठी माध्यम म्हणजे प्रत्येकाची मातृभाषा, असेही नाही. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी, भामरागडात माडिया, पालघरमध्ये वारली बोलणारी मुले पहिल्या दिवशी शाळेत येतात तेव्हा शिक्षकाचे वाक्य त्यांना परके असते. अशा वेळी गप्प बसलेल्या मुलावर ‘हुशार नाही’ असा शिक्का बसतो. शिक्षकाने त्या भाषेतली शे-दोनशे वाक्ये शिकली, गोष्टी आणि गाणी मुलांच्या बोलीतून घेतली, मराठीकडे हळूहळू नेले, तर चित्र पालटते.

शिक्षकांविषयी बोलताना समाज फार लवकर निकाल देतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे राज्यातल्या असंख्य द्विशिक्षकी शाळांत एक शिक्षक एकाच वेळी दोन किंवा तीन इयत्ता सांभाळतो. त्यातला एक मुख्याध्यापकाचेही काम पाहतो. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जोडणी, बैठका हे त्याच्याच डोक्यावर. कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. पण माहिती भरण्याचे काम ‘शैक्षणिक’ म्हणूनच येते. वाचन शिकवायला रोज सलग, निवांत वेळ लागतो. नेमका तोच तुकड्या-तुकड्यांनी निसटतो. बहुवर्ग अध्यापनाची पद्धत अवघड आहे, तरी शिकता येते. अध्यापक विद्यालयांत मात्र आजही प्रशिक्षणाचा ढाचा ‘एक वर्ग, एक शिक्षक’ असाच आहे.

राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत. त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने 2023 मध्ये मांडला आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या अशा शाळेचे उदाहरण दिले. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, विषयांचे शिक्षक मिळतात, हे खरे. पण डोंगरवाडीवरची शाळा बंद होऊन वाहन आले नाही, की पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी. वाहनाची खात्री, आणि तीही पावसाळ्यातली, दिल्याशिवाय जवळची शाळा काढून घेणे अन्यायाचे ठरेल.

स्थलांतराचा प्रश्न याहून कठीण आहे. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचे निम्म्याहून अधिक वर्ष याच काळात येते. सोबत गेलेले मूल फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते किंवा वाढे गोळा करते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. वसतिगृह वेळेवर, म्हणजे कुटुंब निघण्याआधी सुरू झाले, तरच मूल गावात राहते. निधी आणि मंजुरी उशिरा आली की मूल ट्रॅक्टरमध्ये बसून निघून गेलेले असते, आणि तिसरीपर्यंत अशी तीन वर्षे अर्धवट गेली की वाचनाचा पाया राहूनच जातो.

पाया पहिलीच्याही आधी सुरू होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालशिक्षण दिले. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. 1975 पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाड्या देशभर गेल्या, पण आहार, वजन आणि लसीकरण यांच्या ओझ्याखाली त्यांतले शिक्षण बाजूला पडले. 2020 च्या धोरणाने वयाची 3 ते 8 ही पाच वर्षे एकच पायाभूत टप्पा मानली. अंगणवाडी सेविकेला पुरेसे मानधन आणि प्रशिक्षण मिळाल्याशिवाय हा टप्पा कागदावरच राहील.

तंत्रज्ञानाने यातले काही सोपे होईल, ही आशा आहे. 2024 च्या ‘असर’नुसार ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी वापर केलेली मुले 57 टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी केलेली 76 टक्के. प्रश्नाचे उत्तर देणारी यंत्रे आता खिशात आली आहेत. पण यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायला आधी ते नीट वाचून समजावे लागते. वाचता न येणाऱ्या मुलाला फोनवर व्हिडिओ उरतो, दुसरे फारसे काही नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. या समित्यांच्या बैठकांत रंगरंगोटी, संरक्षक भिंत आणि स्नेहसंमेलन यांवर चर्चा होते, ती व्हावीच. त्याबरोबर पालकांनी दर तीन महिन्यांनी एकच गोष्ट विचारावी: दुसरी-तिसरीतली किती मुले अनोळखी गोष्ट ओघाने वाचून तिचा अर्थ सांगू शकतात, आणि जी सांगू शकत नाहीत त्यांच्यासाठी रोजचा कोणता तास राखून ठेवला आहे? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार पालकांना कायद्याने दिला आहे. तो त्यांनी वापरावा.